वरचा एक रुपया

सुकुमारअण्णा मगदूम कोल्हापूरच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं मिरची विकत होते आणि त्यातली अठरा वर्षं सारिका चौगुलेला उधारीवर देत होते. मार्च लागला की सारिकानं जायचं, ब्याडगीचं पोतं उघडून एक मिरची हातावर मोडायची, वास घ्यायचा, भावावरून दोघांनी यथेच्छ भांडायचं आणि मग अण्णांनी चहा सांगायचा, असा तो ठरलेला सोहळा होता. पैसे मेअखेर, म्हणजे घरोघरची वर्षाची चटणी कुटून झाल्यावर. कागद नाही, सही नाही.

त्या मंगळवारी अण्णांनी भांडणाआधीच चहा सांगितला. तेव्हाच सारिकाच्या मनात पाल चुकचुकली.

"वहिनी, औंदा रोखीनं न्या," मिरचीच्या ढिगाकडं बघत अण्णा म्हणाले.

"का वो अण्णा? गेल्या सालचं कायबी बाकी न्हाई माझ्याकडं."

"बाकी न्हाई वो. पर तुमचा आकडा बघा की." त्यांनी गल्ल्यावरचा पडदा तिच्याकडं वळवला. तिच्या नावापुढं लाल अक्षरात चारशे अकरा लिहिलं होतं. दिवाळीत तोच आकडा सातशे ऐंशी होता.

"तुमास्नी उधार दिलं की माझाबी घसरतोय. सातशेच्या खाली गेलो तर कर्नाटकातनं माल यायचा थांबतोय. माफ करा वहिनी."

अठरा वर्षांत अण्णांनी तिला शिव्या सोडून सगळं काही दिलं होतं, पण माफी कधी मागितली नव्हती. आकड्यापेक्षा तिला ती माफीच जास्त लागली. चहा न पिताच ती उठली.

ही गोष्ट दोन हजार एक्केचाळीस सालची. आकडा म्हणजे पतांक, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होतं. फार पूर्वी माणसाची पत फक्त कर्जाच्या हप्त्यांवरून मोजत. मग काही संशोधकांनी चाळीस कोटी करारांची माहिती एका शिकणाऱ्या यंत्रापुढं ओतली आणि विचारलं, उद्या कोण बुडवणार ते सांग. यंत्रानं दिलेलं उत्तर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. करार सुरू करताना सगळीच माणसं गोड असतात, त्यावरून काही कळत नाही. माणूस कळतो तो करार संपवताना. भाड्याचं घर सोडताना जो विजेचं शेवटचं दोनशेचं बिल मागं ठेवून जातो, तो पुढं मोठं कर्ज बुडवण्याची शक्यता इतरांच्या सातपट निघाली. याला समाप्तीसूत्र म्हणू लागले. शेवटच्या दिवशी खात्यावर शून्य आणि एकही सूचना अनुत्तरित नाही, ती स्वच्छ समाप्ती. बाकी सगळ्या अपूर्ण. फोन, गॅस, भाड्याचं यंत्र, व्यायामशाळा, कशाचाही करार संपवा, पतदर्पण नावाची यंत्रणा वरून बघत असायची.

सूत्राचा दुसरा भाग जास्त बोचरा होता. गार भांडं गरम भांड्याला टेकलं की दोन्हींची ऊब बदलते, तसा एकाचा पतांक त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांत आणि त्याच्या घरच्यांत झिरपतो, असं गणितानं दाखवून दिलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्याकडं म्हणत होतेच. पतदर्पणानं त्याची टक्केवारी काढली. बँकांची बुडीत कर्जं निम्म्यावर आली, आणि माणसं अडचणीतल्या भावाचा फोन उचलेनाशी झाली.

सारिकाचा डंक, म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र, उत्तरेश्वर पेठेत होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मिरच्या कुटून, खोबरं भाजून, दिवसाला चाळीसदा शिंकून तिनं ईश्वरीला जनावरांची डॉक्टर केलं होतं. ईश्वरीला मुरगूडमध्ये रस्त्यालगतचा गाळा मिळाला होता. गाई-म्हशींचा दवाखाना काढायचा, तपासणीची यंत्रं घ्यायची, असं सगळं ठरलं होतं. कर्जही जवळजवळ मंजूर होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत बँकेचा होकार आला नाही, तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

बुधवारी दुपारी ईश्वरी डंकावर आली आणि पोत्यावर बसली. दोन बायका चटणीचे डबे घेऊन रांगेत होत्या, त्या जाईपर्यंत ती थांबली.

"बँकेनं कर्ज अडवलंय आई," ती म्हणाली. "घरातल्या सगळ्यांचा आकडा साडेसहाशेच्या वर लागतो."

"घरात सगळी म्हंजे तू आन् मी."

"हो."

सारिकानं डंक बंद केला. एवढा मोठा आवाज थांबल्यावर जी शांतता पडते ती कानाला टोचते. "मग साहेब काय म्हणालेत?"

ईश्वरीनं फोनवर एक अर्ज काढला, पण तो आईपुढं धरवेना. विलगनामा असं त्याचं नाव होतं. त्यावर दोघींनी सह्या करायच्या, मुलीनं एक हजार रुपये शुल्क भरायचं, की पतदर्पणाच्या लेखी मायलेकींचं नातं संपलं. सात वर्षं एकत्र घर नाही, एकमेकींचा जामीन नाही, एकीच्या आजारपणाच्या कागदावर दुसरीची सही नाही.

"मला नकोय हे," ईश्वरी म्हणाली. "पण मला दवाखानापण हवाय आई. मी काय करू?"

सारिकानं मिरचीचे हात पदराला पुसले आणि अर्जावर अंगठा टेकवला. "माझं झालं. तुझं तू बघ. कागदानं काय रक्त बदलत न्हाई." हे ती अगदी ठणकावून म्हणाली, पण पुढचा अर्धा तास तिला डंकाचं बटण सापडत नव्हतं.

रडून झाल्यावर मात्र दोघींनी मुळाशी हात घातला. आकडा पडला कशानं? पतदर्पणावर कारण दिलं होतं: अपूर्ण समाप्ती, एक. करार हिमकूट यंत्रसेवेचा. थकबाकी तीन हजार चारशे बारा रुपये.

"हिमकूट?" सारिका उसळलीच. "त्यांचा डंक तर मी जुलैतच परत केलाय! सहा वर्षं भाडं भरलं, स्वतःचा घेतला आन् त्यांचा दिला सोडून. पै न् पै चुकती करून!"

हिमकूटचे डंक थंड असत. कुटताना मिरची तापत नाही, त्यामुळं रंग आणि तेल टिकतं. भाडं चढं, पण सहा वर्षं त्याच डंकानं घर चालवलं होतं. ईश्वरीनं कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजातलं यंत्र म्हणालं, "आपल्याला सर्व सूचना यंत्राच्या पडद्यावर वेळोवेळी दिल्या आहेत."

"कुठल्या यंत्राच्या?"

"आपल्या भाड्याच्या यंत्राच्या."

"ते तर तुमच्याकडंच आहे!"

"बरोबर. आपल्याला सर्व सूचना यंत्राच्या पडद्यावर वेळोवेळी दिल्या आहेत."

"नुसतं तीन हजार भरून टाकू का?" सारिकानं विचारलं.

"भरलेस की चूक कबूल केल्यासारखं होतं. बिल मिटतं, शेरा सात वर्षं राहतो," ईश्वरी म्हणाली. अशी सोय असते. पतदर्पणाच्या लवादाकडं मात्र दाद मागता येत होती. शुक्रवारी दुपारी तीनची वेळ मिळाली. पुरावा आपला आपण आणायचा होता.

पुरावा आणायला सारिका गुरुवारी सकाळी शिरोलीला गेली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत हिमकूटचं गोदाम होतं आणि दारावर बापू सुतार नावाचे म्हातारे राखणदार होते. आत सोडायची परवानगी नव्हती, पण बापूंनी तिला ओळखलं.

"आमच्या मंडळींची चटणी तुमच्याकडंच असती," ते म्हणाले. "मी जरा पाणी पिऊन येतो. तोवर कोण आत गेलं, मला काय म्हाईत?"

गोदामात परत आलेले डंक ओळीनं उभे होते. वीज जोडलेली, पडदे चालू. सारिकाला आपला डंक लगेच सापडला, कारण पडद्याच्या वरच्या पट्टीवर तिनं लावलेलं हळदकुंकू अजून तसंच होतं. जुलैत त्याला निरोप देताना तिनं ओटी भरली होती. सहा वर्षं ज्यानं लेकीचं शिक्षण केलं, त्याला का रिकामं धाडायचं? खण, नारळ, मूठभर तांदूळ. आणि शेवटचं बिल अठरा हजार चारशेचं होतं, तिनं अठरा हजार चारशे एक भरले होते. आपल्यात गोल रक्कम कोण देतं? शंभराचा अहेर एकशे एकाचा असतो. शून्यावर हात झटकून उठणं बरं नव्हे.

पडद्यावर मात्र आठ महिन्यांच्या सूचना साचल्या होत्या. रिकाम्या गोदामात त्या डंकानं बिचाऱ्यानं दर पहिल्या तारखेला तिला हाक मारली होती. ती खालून वर वाचत गेली. विलंब आकार, किमान भाडं, विलंब आकार, किमान भाडं. सगळ्यात वरची ओळ तिनं तीनदा वाचली. "खात्यावर आगाऊ रक्कम जमा: एक रुपया. ग्राहक करार पुढे चालू ठेवू इच्छितो."

"अगं बाई," सारिका मोठ्यानं म्हणाली. कृतज्ञतेनं ठेवलेल्या रुपयानं तिला थकबाकीदार केलं होतं. तिला हसू आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस करतो तेच तिनं केलं. डंकाला एक चापट मारली.

मग तिचं लक्ष शेजारच्या डंकाकडं गेलं. त्याच्या कपाळावरही कुंकू होतं. त्याच्या शेजारच्याच्याही. एकाला तर सुकलेला गजरा होता. ती ओळीनं चालत गेली आणि मोजत गेली. त्रेचाळीस डंक. चौतीस कुंकवाचे, नऊ कोरे. प्रत्येकाच्या पडद्यावर भाडेकरणीचं नाव होतं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या डंकवाल्या एकमेकींना भांडण्यापुरत्या तरी ओळखतातच.

ती तिथंच पालथ्या बादलीवर बसली आणि फोन लावत सुटली. गडहिंग्लज, इचलकरंजी, वडगाव, राधानगरी. प्रत्येकीला दोनच प्रश्न: वर रुपया ठेवलावतास का, आणि आकडा किती? चौतीसपैकी एकतीस जणींनी फोन उचलला. एकतीस जणींनी रुपया ठेवला होता. एकतीस जणींचा आकडा पडला होता. कुणाची भिशी मोडली होती, कुणाला जावेनं घरातून वेगळं काढलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं.

कोऱ्या नऊ डंकांपैकी एक पेठेतल्याच पोवारणीचा होता. तिनं आतली तांब्याची नळी विकून, कंपनीला लाखोली वाहून डंक परत केला होता. बिल मात्र बरोबर शून्यावर आणलं होतं. तिचा आकडा होता सातशे नव्वद.

सारिका बाहेर आली तेव्हा बापू अजून पाणीच पीत होते.

शुक्रवारी तीन वाजता लवादाच्या खोलीत मायलेकी शेजारी बसल्या. ईश्वरी सकाळपासून बोलत नव्हती. सारिकाला वाटलं, पोर घाबरलीय. समोर डॉ. रेवती टिळेकर होत्या. समाप्तीसूत्र घडवणाऱ्या मूळच्या पाच जणांतल्या त्या एक, आणि महिन्यातून एका शुक्रवारी पुण्याहून तक्रारी ऐकायला येत. एकतीस जणींची नावं आणि आकडे लिहिलेली सारिकाची वही त्यांनी शांतपणे वाचली. चटणीचा एक लाल डाग होता, त्यावरून बोट फिरवून तोही तपासला.

"तुम्ही मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या. "पण ही एकतीस उदाहरणं आहेत. सूत्रामागं चाळीस कोटी करार आहेत."

"मग त्या चाळीस कोटींत माझा रुपया शोधा की," सारिका म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"मॅडम, तुमच्या यंत्राला वाटतंय शून्य म्हंजे हिशेब पुरा झाला. आमच्यात शून्य म्हंजे तोंड फिरवलं. मी त्या डंकाचं भाडं चुकतं केलं आन् वर त्याचा मान ठेवला. भाडं तुमाला दिसलं, मान दिसला न्हाई. त्याला बाकी म्हणून तुमी माझ्या पोरीला माझ्यापासनं तोडायला निघालाय. शोधून तर बघा. न्हाई सापडला तर मी उठून जाते."

डॉ. टिळेकरांनी घड्याळ पाहिलं, मग यंत्रणेला प्रश्न घातला: शेवटचा भरणा बिलापेक्षा नेमका एका रुपयानं जास्त, असे करार किती? चार मिनिटं पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग आकडा आला. दोन लाख अकरा हजार सहाशे चाळीस. सगळे अपूर्ण समाप्तीत टाकलेले.

मग कुणी न सांगताच डॉक्टरांनी दुसरा प्रश्न घातला. या माणसांचा तो एक करार बाजूला ठेवा. बाकीचं सगळं आयुष्य तपासा. यांच्यातल्या किती जणांनी कधी काही बुडवलं?

उत्तर आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. यंत्रानं आजवर पाडलेल्या सगळ्या गटांत सर्वांत कमी बुडवणारी माणसं हीच होती. त्यांच्या जवळपासही कुणी नव्हतं.

"शिकणारं यंत्र शिकवू ते शिकतं," त्या हळू बोलल्या, जणू स्वतःलाच सांगत होत्या. "कंपन्यांच्या वह्यांत ही खाती थकबाकीत होती. आम्ही त्या वह्या जशाच्या तशा त्याला वाचायला दिल्या. एक रुपया इतका लहान, की तो कुठून आला हे कुणी विचारलंच नाही. सूत्र बरोबर होतं, सारिकाताई. माणूस करार कसा संपवतो त्यावरूनच कळतो. आणि जी सर्वांत चांगली माणसं कळत होती, त्यांना आम्ही चोर ठरवत बसलो."

"चुकतं माणसाचं," सारिका उदारपणे म्हणाली. जिंकणाऱ्याला हे वाक्य शोभतं.

चार वाजून वीस मिनिटांनी डॉ. टिळेकरांनी आदेश काढला. खात्यावर वर रक्कम उरली, तर यंत्रानं परस्पर काही ठरवायचं नाही. करार संपवायचा की चालू ठेवायचा, हे माणसाला विचारायचं, आणि माणसाच्या फोनवर विचारायचं, गोदामातल्या डंकाला नव्हे. मागच्या सगळ्या दोन लाखांना आजच विचारायचं.

मिनिटभरातच सारिकाचा फोन वाजला. हिमकूटचा करार संपवायचा की चालू ठेवायचा? तिनं 'संपवायचा' दाबलं. लाल आकडा गेला आणि हिरवा आला: आठशे चार. एवढा तिच्या उभ्या आयुष्यात कधी नव्हता. मग वडगावहून फोन आला, गडहिंग्लजहून आला, राधानगरीची बाई तर नुसतीच ओरडत होती, शब्द एकही नव्हता. जिल्हाभर डंकवाल्यांच्या घरी आकडे चढत होते. पाचवा फोन सुकुमारअण्णांचा होता.

"वहिनी, दोन पोती गाडीत टाकतो बघा."

"टाकू नका. सोमवारी येते, मिरची मोडून बघते. आधी भांडू, मग चहा सांगा."

दोघी बाहेर आल्या आणि चार चाळीसला दोघींच्या फोनवर बँकेचा संदेश आला: घरातले दोन्ही आकडे साडेसहाशेच्या वर. कर्ज मंजूर. सारिकानं तो वाचून लेकीकडं वळून पाहिलं, तर ईश्वरी लवादाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती.

"आता काय झालं गं? मिळाला की दवाखाना!"

"आई, मी काल भरलं," ईश्वरी म्हणाली. "तू शिरोलीला गेलीस आणि बँकेतून फोन आला. मी घाबरले. विलगनाम्यावर सही केली, हजार रुपये भरले. तू तिकडं माझ्यासाठी वणवण फिरत होतीस आणि मी इकडं तुला सोडून दिलं."

सारिका तिच्या शेजारी बसली. लागलं तिला. खोटं कशाला सांगा, चांगलंच लागलं. स्वतः अंगठा देणं वेगळं आणि लेकीनं सही केली हे ऐकणं वेगळं. हातातला फोन आठशे चार दाखवत होता आणि त्या आकड्याचं काय करायचं ते तिला सुचेना.

तेवढ्यात ईश्वरीचा फोन वाजला. डोळे पुसत तिनं तो उघडला, वाचला, आणि तशीच बघत राहिली. मग तिनं तो आईपुढं धरला. या वेळी तिचा हात मागं आला नाही.

"विलगनाम्याचं शुल्क एक हजार रुपये. आपण भरलेली रक्कम एक हजार एक. सारिका दिलीप चौगुले यांच्याशी असलेलं नातं संपवायचं की चालू ठेवायचं?"

"मी मुद्दाम नाही गं ठेवला," ईश्वरी म्हणाली. "हातानंच गेला. हजार लिहिले आणि वर एक."

सारिकाचा सगळा राग क्षणात वितळला. बोटाला धरून लग्नामुंजीत नेताना, अहेराचं पाकीट भरताना, कधीतरी चौथी-पाचवीत तिनं पोरीला शिकवलं होतं, वर रुपया घालावा, बाळ, रिकामं देऊ नये. पोर सही करताना चुकली होती, पण हात चुकला नव्हता. तिनं लेकीचं डोकं छातीशी ओढलं आणि कोर्टकचेरीच्या पायरीवर बाईमाणसानं हसू नये इतक्या जोरात हसली.

"दाब की आता," ती म्हणाली.

ईश्वरीनं 'चालू ठेवायचं' दाबलं. लगेच दुसरा प्रश्न आला: "शुल्काचे एक हजार रुपये परत केले जातील. वरचा एक रुपया परत हवा आहे का?"

ईश्वरीनं आईकडं बघितलं.

"राहू दे तिथंच," सारिका म्हणाली.